स्टुलावर बसलेल्या बायका

मी लग्नपत्रिकांवर सोनेरी पावडर फिरवत होतो, तेवढ्यात दुकानात तिघंजण शिरले. पुढं काळ्या कोटातला वकील, त्याच्यामागं पाठीला सॅक लावलेला तिशीचा माणूस आणि सगळ्यात मागं आमच्या चौकीतला हवालदार. हवालदाराच्या नातीच्या बारशाची पत्रिका मीच छापली होती. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "अण्णा, मी नुसता उभा राहायला आलोय."

"भूपाल मगदूम आपणच?" वकिलानं विचारलं.

"होय, मीच."

"मी कोर्ट कमिशनर. 'वर्णमित्र' सॉफ्टवेअरची बनावट प्रत तुम्ही वापरताय, असा कंपनीनं दावा लावलाय. कॉम्प्युटर तपासून हार्ड डिस्क सील करायचा हुकूम आहे."

"बनावट कशी? विकत घेतलंय की आम्ही. बिल आहे माझ्याकडं."

"लॉक कुठाय?" सॅकवाला म्हणाला. तो कंपनीचा इंजिनिअर, फाटक.

मराठी टायपिंगच्या त्या सॉफ्टवेअरबरोबर तेव्हा अंगठ्याएवढं एक लॉक मिळायचं. ते कॉम्प्युटरला मागून लावलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं. मी ड्रॉवरमधून ते काढून त्याच्या हातावर ठेवलं. एका बाजूनं ते काळं पडलं होतं.

"हे जळलंय."

"जळलंच की. लाइट गेली आणि आली, त्या झटक्यात."

"मग सॉफ्टवेअर चालतंय कशावर?"

कशावर चालतंय ते मिरजेतल्या सगळ्या छपाईवाल्यांना माहीत होतं. ऐन लग्नसराईत आमचं लॉक गेलं. कंपनीला फोन केला तर म्हणाले, जुनं दुरुस्त होत नाही, सगळंच नवीन घ्या. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मेहबूब माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, माल तुमचा, बिल तुमचं. मी फक्त कुलूप काढतो. घर तुमचंच ऱ्हातंय." आणि त्यानं पॅच मारून दिला. आमच्या गल्लीत कुणाचंही लॉक गेलं की मेहबूब हेच करायचा. त्यात चोरी आहे असं कुणालाच वाटायचं नाही.

पंचनाम्यावर सही करताना माझ्या बोटांची पावडर कागदाला लागली. कमिशनरनं फुंकर मारून बघितली. गेली नाही.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्रिशलाला, म्हणजे माझ्या बायकोला जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

ते हार्ड डिस्क घेऊन गेले आणि माझ्या हातात दाव्याच्या कागदांचा गठ्ठा देऊन गेले. सगळं इंग्रजी. मी नुसती पानं उलटत बसलो. शेवटी मराठी अक्षरं दिसली म्हणून थांबलो. ती आमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनची चित्रं होती, पुरावा म्हणून जोडलेली. कुणीतरी शेजारी उभं राहून फोटो काढावा तशी. पहिल्यावर एक लग्नपत्रिका. दुसऱ्यावर दूध सोसायटीचा अहवाल. तिसऱ्यावर एक अर्ज होता. अर्ध्यापर्यंत टाइप झालेला, खाली एका बाईचं नाव आणि पत्ता. त्या बाईला मी इथं कांचन म्हणतो.

चार ओळी वाचल्या आणि मी पान उलटं करून ठेवलं.

आमच्या दुकानात कॉम्प्युटर त्रिशलाचा आणि छपाई माझी. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा बायका यायच्या. एकट्या, कधी दोघी. दारात जरा घुटमळायच्या. मग त्रिशला मला म्हणायची, "अहो, चहा पिऊन या जरा." मी जायचो. एकदा म्हणालो, "असं दिवसात चारदा पाठवलंस तर पोटाला भोकं पडतील." ती म्हणाली, "मग दूध प्या."

त्या काय टाइप करून घ्यायच्या ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच माहीत होतं, की कागद छापून झाला की ती स्क्रीन त्या बाईकडं वळवायची आणि फाइल तिच्याच हातानं पुसायला लावायची. बाई शिकलेली असो, नसो. "हे बटण दाबा. हं. गेलं बघा."

गेलं नव्हतं.

ॲडव्होकेट शमीम बारगीर त्रिशलाच्या ओळखीच्या. नवीन वकिली सुरू केली तेव्हा त्यांचे दावे त्रिशलाच टाइप करायची. त्यांनी सगळा गठ्ठा वाचला आणि चष्मा काढला.

"मगदूमअण्णा, या सॉफ्टवेअरच्या पोटात आणखी एक सॉफ्टवेअर आहे. लॉक सापडलं नाही की ते जागं होतं. अधूनमधून स्क्रीनचं चित्र काढतं आणि नेट चालू असलं की गुपचूप कंपनीला पाठवतं. तुमच्या मशीननं दोन वर्षं पाठवलीयत. जोडलीयत तीन, पण सगळी सीडीवर घालून कोर्टात देणार आहेत."

"मग आता?"

"त्यांचा निरोप आलाय. तुम्ही लेखी माफी मागा, नवीन प्रत घ्या, ते दावा काढून घेतील."

"आणि चित्रं?"

"ती त्यांच्याकडं राहणार. रेकॉर्ड म्हणून."

"लढलो तर?"

"तर पुरावा म्हणून फायलीत येतील. मग त्याची नक्कल कुणीही अर्ज करून मागावी."

"म्हणजे दोन्हीकडनं मेलो."

"तुम्ही नाही. तुम्ही माफी मागून सुटताय. त्या बायका अडकल्यात."

बाहेर त्यांचा कारकून मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होता. मी ते ऐकत बसलो. मग म्हणालो, "मला नुसतं सुटायचं नाही. त्रिशलानं त्यांना 'गेलं' म्हणून सांगितलंय."

"मग खरंच घालवायला पाहिजे," बारगीरबाई म्हणाल्या आणि फायलीला दोरी बांधली.

पहिल्या तारखेला सांगलीच्या कोर्टात आमचा अर्ज पुढं आला. चित्रं सीलबंद ठेवावीत आणि नंतर पुसून टाकावीत, अशी मागणी. कंपनीचे वकील पुण्याहून आले होते. उंच, शांत आवाजाचे. ते म्हणाले, "साहेब, सॉफ्टवेअर घालताना करार समोर येतो. 'मान्य आहे' दाबल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. यांच्या पत्नीनं दाबलं होतं. तपासणीचा हक्क करारात लिहिलाय. आता तक्रार कसली?"

बारगीरबाई उठल्या. "मालकिणीनं दाबलं, कबूल. शेजारी स्टुलावर बसून अर्ज सांगणाऱ्या बाईनं कुठं दाबलं होतं, साहेब?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. रिटायर व्हायला आलेले गृहस्थ होते. कंपनीचे वकील हसले. "या बायका आहेत कुठं? हवेतल्या बायकांसाठी आम्ही खरा पुरावा का पुसायचा? कुणाची तक्रार असेल तर तिनं यावं."

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. "एकीला तरी आणा."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आली तर तिचं गुपित उघडं. नाही आली तर सगळ्यांचं उघडं. असा कसला न्याय?"

"साहेबांच्या खोलीत, बंद दाराआड सांगता येतं. ते मी मागून घेते," बारगीरबाई म्हणाल्या. "पण तिला सांगायला तुम्हालाच जावं लागेल. मी गेले तर ती वकील बघूनच दार लावून घेईल."

कांचन कृष्णाघाटाच्या रस्त्याला राहायची. एका खाजगी दवाखान्यात आया होती. मी गेलो तेव्हा ती दारात बसून लसूण सोलत होती. आत शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता.

"या अण्णा. पत्रिकेचं बोलायला आलाय काय? पोरीचं जमलंय, कुणी सांगितलं तुमास्नी?" ती खुशीत होती. "पुढच्या म्हयन्यात याद-साकरपुडा उरकायचा म्हंतायत. तुमच्याकडंच छापणार की. पण सोनेरी नको, लई म्हाग."

मी म्हणालो, "कांचनताई, तुम्ही त्रिशलाकडं एक अर्ज टाइप करायला आला होता."

तिचा हात थांबला. तिनं आत बघितलं. मशीनचा आवाज चालू होता. ती उठून पायरी उतरून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यो अर्ज मी दिलाच न्हाई कुठं. फाडून टाकला. घर सावरलं माजं नंतर. तुमास्नी काय म्हाईत त्यातलं?"

"मी वाचला. चार ओळी."

"कसा? अक्कानं माज्याच हातानं पुसायला लावला हुता. ह्या बोटानं दाबलं मी."

मी तिला जमेल तसं सांगितलं. पाटीवरचं तुम्ही पुसलं, पण पुसायच्या आधी खिडकीतनं कुणीतरी फोटो काढून नेला. आणि आता तो फोटो कोर्टात आहे.

"म्हंजे अक्का खोटं बोलली?"

"नाही. तिला खिडकी आहे हेच माहीत नव्हतं."

लसणाच्या पाकळ्या कांचनच्या मुठीत तशाच होत्या. मग एकदम म्हणाली, "कुणी कुणी वाचला?"

"मी. वकीलबाईंनी. कंपनीतल्या माणसांनी. किती ते माहीत नाही."

"त्या पोराच्या घरी हे गेलं तर मोडंल लगीन. त्याची आई लई बारीक बघती समदं." तिचा आवाज चढला. "आणि तुमी ऱ्हायलाय हितं उभं! काय करू म्हंताय मी?"

मी न्यायाधीशांची खोली, बंद दार, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. शेवटी म्हणाली, "जावा तुमी. मला कामावर जायचंय."

मी निघालो. रस्त्यापर्यंत गेलो तर मागून हाक आली.

"अण्णा, माज्यासारक्या किती हैत त्यात?"

"माहीत नाही. पुष्कळ असतील. मी बघितलं नाही, बघणारही नाही."

पुढच्या तारखेला ती येईल असं मला वाटत नव्हतं. बारगीरबाईंनाही नव्हतं. अकरा वाजून गेल्यावर कांचन आली. दवाखान्याची निळी साडी तशीच अंगावर, वरून काळी शाल. "अर्दा दिवस रजा काढलीय," ती बारगीरबाईंना म्हणाली. "बोलावतील कवा?"

न्यायाधीशांनी दोन्ही वकील आणि कांचन यांना आपल्या खोलीत घेतलं आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. मलासुद्धा. मी व्हरांड्यात उभा राहिलो. थोड्या वेळानं फाटक माझ्याजवळ येऊन थांबला. तो सारखा मोबाइल काढायचा आणि परत खिशात ठेवायचा.

"मगदूमसाहेब, एक सांगू का? तुमच्या मशीनची चित्रं मीच चाळली. आमच्याकडं माझं ते कामच आहे."

"म्हणजे तुम्ही वाचता?"

"वर सॉफ्टवेअरची पट्टी दिसते का, एवढंच बघायचं असतं." त्यानं मोबाइल परत खिशात ठेवला. "पण डोळे आहेत. वाचलं जातं."

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकलो.

"तुमच्या मशीनच्या काही चित्रांत एकच नाव होतं. भूपाल. पानभर. जाड, बारीक, तिरपं, गोल वळणाचं. नवा फॉन्ट आला की टाइप करून बघतात ना, तसं. आम्ही ऑफिसात हसलो पण, हा भूपाल कोण म्हणून. त्या दिवशी दुकानात कमिशनरनी तुमचं नाव घेतलं तेव्हा कळलं."

त्रिशलानं माझं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आमच्यात तिच्या वयाच्या बायका घेत नसत. बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं तर ती रेशनकार्ड पुढं करायची. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, पण त्या गलक्यात ते मला ऐकू आलं नव्हतं. ती सगळं आयुष्य मला 'अहो' म्हणाली. मी बाहेर चहा पीत बसायचो आणि ती आत पानभर माझं नाव लिहीत होती, हे मला एका परक्या माणसानं कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितलं.

"ते एक चित्र मागून घ्या," फाटक म्हणाला. "त्यात कुणाचं गुपित नाही. ते तुमचंच आहे."

तेवढ्यात दार उघडलं. कांचन बाहेर आली, पदरानं तोंड पुसत. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "सांगितलं समदं. साहेबानं पाणी दिलं प्यायला." आणि ती थांबली नाही.

मी आत जाता जाता बारगीरबाईंना चित्राचं सांगितलं. त्या चालता चालता थबकल्या. "मागता येईल, अण्णा. साहेब देतीलसुद्धा. पण तुम्ही एक मागितलं की ते दहा मागतील. हे पुराव्याला ठेवू, ते नमुन्याला ठेवू. आणि तुमचं एक शोधायला कुणालातरी सगळी परत चाळावी लागतील." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही."

कोर्ट बसलं. न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं, "मी आत जे ऐकलं ते तुम्हीही ऐकलंत. अजून म्हणायचंय, हवेतल्या बायका?"

वकिलांनी मान हलवली. "नाही, साहेब."

"मग ऐका. लॉक विकत घेतल्याचं बिल आहे. पॅच मारणं चूकच, तो काढून टाकायचा. कंपनीनं यांना दुरुस्तीच्या दरात नवीन लॉक द्यावं. बाकीचा दावा तुम्ही चालवणार असाल तर चित्रांशिवाय चालवा." वकील फाटकशी कुजबुजले आणि कंपनीला विचारून दावा मागं घेऊ म्हणाले. न्यायाधीश माझ्याकडं वळले. "मगदूम, ही चित्रं कमिशनरसमोर पुसली जातील. कोर्टातली आणि पुण्यातलीही. तुम्हाला यातलं काही ठेवून हवंय का? एकदा गेलं की परत मिळणार नाही."

मी उठलो. फाटक माझ्याकडं बघत होता. बारगीरबाई खाली फायलीकडं बघत होत्या. मला ते पान डोळ्यांपुढं दिसायला लागलं, जाड, बारीक, तिरपं. न बघितलेली वस्तू इतकी स्पष्ट दिसते हे मला तेव्हा कळलं. आणि ते पान शोधायला कुणीतरी एकेक चित्र उघडत चाललंय, हेही दिसलं.

"सगळी पुसा, साहेब," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. एकसुद्धा नको."

काही दिवसांनी दुपारी फाटकचा पुण्याहून फोन आला. "झालं, मगदूमसाहेब. कमिशनर शेजारीच बसलेत. तुमची सगळी गेली. आणि आता बाकीच्यांच्या मशीनवरची चित्रं घेणंसुद्धा बंद करतोय आम्ही. वरून हुकूम आलाय, दुसरा कुणी कोर्टात जायच्या आधी." मग म्हणाला, "ते नावाचं चित्र मी उघडलं नाही. न बघता घालवलं."

"बरं केलंत," मी म्हणालो. फोन ठेवला आणि मशीन बंद करून जरा बसलो. त्रिशला गेल्यापासून मी त्या दुपारी पहिल्यांदा पोटभर रडलो. मग उठून हात धुतले. एका गिऱ्हाइकाची पावतीपुस्तकं द्यायची होती.

कांचनच्या मुलीचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. पत्रिका मीच छापल्या, सोनेरीच. तिनं किती वाद घातला तरी मी ऐकलं नाही.

नवीन लॉक आलं, पण त्रिशलाच्या जागी टिकून बसायला कुणी मिळेना. येणाऱ्या पोरी चार दिवस करून सांगलीला जायच्या. मग मीच दोन बोटांनी शिकायला लागलो. लग्नपत्रिका जमायला लागल्या. बायका मात्र येत नव्हत्या. त्यांनी का यावं, असं मलाच वाटायचं.

पावसाळा संपता संपता एका दुपारी कांचन आली. तिच्याबरोबर पिवळ्या साडीतली एक बाई होती, मी कधी न बघितलेली. ती दाराबाहेरच थांबली होती.

"अण्णा, ही माज्या वार्डातली. हिला एक अर्ज करायचाय."

"कांचनताई, मला अजून नीट टाइप करता येत नाही. बारगीरबाईंकडं न्या हिला, त्यांच्याकडं मुलगी आहे टायपिंगला."

"तिकडं चार मानसं बसल्याली असत्यात. मी हिला म्हटलंय, भूपालअण्णांकडं चल. आता मला तोंडघशी पाडू नगा." मग तिनं त्या बाईला दंडाला धरून आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाली, "मी भाईर थांबते. गिऱ्हाईक आलं तर मागारी पाठवते."

"अहो, गिऱ्हाईक कशाला घालवताय?"

"एक गेलं तर काय मरत न्हाईसा," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

पिवळ्या साडीतली बाई स्टुलाच्या कडेला बसली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. ती स्क्रीनकडं बघत होती, मग कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमी वाचनार न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

"वाचल्याशिवाय टाइप कसं करू, बाई?"

तिला हसू आलं. मलाही आलं. मी खुर्ची पुढं ओढली, बोटं की-बोर्डवर ठेवली आणि पहिलं अक्षर शोधायला लागलो.

"हळूहळू सांगा," मी म्हणालो. "मला सवय नाही."

"मला तरी कुठं हाय," ती म्हणाली.